दगडाला हात लावायचा नाही

ऑकलंडमध्ये भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालक भिंतीवर होते. भिंतीपाशी नाही, भिंतीवर. कमरेएवढी उंच, काळ्या दगडांची भिंत. मध्ये सिमेंट नाही, चिखल नाही, नुसते दगड एकमेकांत अडकवून रचलेले. आपल्याकडे शेताच्या कडेला गडगा असतो ना, तशी. आणि तिच्यावरून ऐंशीला टेकलेला एक उंच माणूस पायमोज्यांवर जँडल्स, म्हणजे रबरी चपला घालून सावकाश चालत होता.

मी खालून म्हटलं, ‘‘खोली बघायला आलेय.’’

‘‘थांब. एक हलतोय.’’

तो हलणारा दगड सापडून त्याच्याखाली दगडाची चीप बसेपर्यंत पाऊण तास गेला. जून महिन्यातला, म्हणजे इथल्या ऐन थंडीतला वारा, मी जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढून उभी. मग त्यांनी खोली दाखवली, त्याला अर्धं मिनिट लागलं. ‘‘हे दार. ही खिडकी. गरम पाणी डावीकडे, असलं तर.’’ मी लगेच हो म्हटलं. बाकीच्या घरमालकांनी मला पगाराची स्लिप मागितली होती. यांनी फक्त विचारलं, की तुला बटाटे सोलता येतात का.

टाकानिनीच्या नव्या वसाहती जिथे संपतात आणि कुरणं सुरू होतात तिथे त्यांची बारा एकर जमीन होती. आठ-दहा गोऱ्हे, एक म्हातारी गाय, त्याहून म्हातारा कुत्रा, कांद्या-बटाट्याचा एक तुकडा, आणि दर नांगरटीला जमिनीतून वर येणारे दगड. शेती आणि गवंडीकाम ही दोन कामं ते आयुष्यभर करत आले होते. त्यांच्या लेखी ती दोन नव्हतीच. ‘‘जमीन आधी दगड देते,’’ ते म्हणायचे, ‘‘ते घेतल्याशिवाय बटाटे देत नाही. दगड घेतले की ठेवायचे कुठे? म्हणून भिंत.’’

त्यांना हाक काय मारायची हा माझा पहिला प्रश्न. इथे ऐंशीच्या माणसालाही नावाने हाक मारतात, माझ्या तोंडून ते निघेना. मिस्टर म्हटलं तर म्हणाले, मिस्टर माझे मास्तर होते आणि ते मारकुटे होते. महिनाभर मी ‘‘एक्सक्यूज मी’’वर भागवलं आणि एक दिवस सवयीने ‘‘काका’’ निघून गेलं. इथे काका नावाचा एक मोठा पोपट असतो, गोंगाट करतो, झाडाची सालं सोलून काढतो. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, ‘‘चालेल. बायको याहून वाईट म्हणायची.’’ मला ते ‘इंजिनियर’ म्हणत. त्यातला मान किती आणि टोमणा किती हे चार वर्षांत मला नक्की कळलं नाही.

मी पेनरोजला एका ऑफिसात मातीचा भार धरणाऱ्या भिंतींची डिझाइनं करत होते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी सगळ्यांना सांगते, लाजत नाही. पदवीची फ्रेम मी इथे येताना कपड्यांत गुंडाळून आणली होती आणि आल्या आल्या खोलीत टांगली. काका ती बघायला आले. कागद त्यांनी वाचलाच नाही, खिळ्यावर टिचकी मारली. ‘‘पडणार.’’ मग मशीन आणलं, भिंतीच्या लाकडापर्यंत भोक पाडलं, गेटला लावतात तसला बोल्ट ठोकला आणि फ्रेम परत टांगली. ‘‘आता घर पडलं तरच पडेल. तुमच्यात अशा किती आहेत?’’

‘‘ही एकच.’’

त्यांनी डोक्यावरची लोकरी टोपी काढली, फ्रेमकडे बघून मान लववली, टोपी परत घातली. ‘‘मग कप कोण विसळणार?’’

त्यांचा दिवस पाचला सुरू व्हायचा. गाय हाताने पिळायची, गोऱ्हे एका कुरणातून दुसऱ्यात घालायचे, विजेच्या कुंपणाची पट्टी सरकवायची, पाण्याच्या कुंडात मेलेलं काही नाही ना बघायचं. दहाला स्मोको, म्हणजे चहा, चीजचा तुकडा आणि कच्चा कांदा. स्मोको उलट्या बादलीवर बसून. घरात खुर्च्या होत्या, पण खुर्चीवर बसलेला माणूस उठत नाही असं त्यांचं निरीक्षण होतं. मग तीनपर्यंत दगड. मग पुन्हा जनावरं.

हे सगळं ते एका ओळीत लिहून ठेवत. स्वयंपाकघरात ट्रॅक्टरच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, त्याच्या चौकोनात. ‘पाऊस. गोऱ्हे खालच्या कुरणात. दगड चार.’ ‘वारा. कुंपण. दगड सात.’ जुनी कॅलेंडरं ड्रॉवरमध्ये रचलेली होती. एकदा बटाट्याचं सोलणं शोधताना मी ती चाळली. एका चौकोनात होतं, ‘स्वच्छ ऊन. दगड नाही.’ मी विचारलं, ‘‘ऊन असून दगड नाही? आजारी होता का?’’

‘‘नाह. बायकोला पोचवलं त्या दिवशी.’’

दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात होतं, ‘पाऊस. दगड अकरा.’

वसाहतीतले लोक कधीकधी त्यांच्याकडे यायचे, बागेत दगडी काही करून द्याल का विचारायला. त्यांची ते मुलाखत घेत. एकाने त्यांना हौसेने घरी नेलं, मीही गेले होते. त्याने दर्शनी भिंतीवर दगडासारख्या दिसणाऱ्या पातळ फरशा चिकटवून घेतल्या होत्या आणि तसलंच कुंपण हवं होतं. काकांनी बोटाने ठोकून बघितलं, कान लावला, परत ठोकलं. ‘‘वॉलपेपर छान आहे,’’ म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. परत येताना मी म्हटलं, इतकं तोडून बोलायची गरज नव्हती. ते म्हणाले, ‘‘तू आजवर किती भिंती केल्यास?’’

‘‘बेचाळीस.’’

‘‘हातांनी?’’

मी खिडकीबाहेर बघितलं.

तिसऱ्या हिवाळ्यात ते भिंतीवरून पडले. रोजची फेरी चालली होती, दव होतं, जँडल सटकली. माकडहाड ठेचलं, मनगट मोडलं. त्यांची मुलगी पोरिरुआहून विमानाने आली. पन्नाशीची, बापासारखीच उंच, शाळेत शिकवणारी. चौथीतल्या मुलाशी बोलावं तसं ती बापाशी बोलली. ‘‘डॅड, यापुढे दगडाला हात लावायचा नाही. एक जरी उचललास तरी माझ्याकडे यायचं. खोली तयार आहे. हीट पंप आहे, मऊ कार्पेट आहे.’’

‘‘आणि खिडकीतून काय दिसतं?’’

‘‘शेजाऱ्यांचं गॅरेज.’’

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू फाशीची शिक्षा ऐकली. बाई विनोद करत नव्हती. जाताना तिने मला बाजूला घेतलं. ‘‘मी दर रविवारी फोन करीन. खरं सांगशील ना?’’ मी म्हटलं, मी खोटं बोलत नाही. तेव्हा ते खरं होतं.

भिंतीत, ते काम करत होते तिथे, दोन म्हशी सहज जातील एवढं खिंडार तसंच राहिलं. तिथे विजेची पट्टी बांधली. कॅलेंडरवर यायला लागलं: ‘पाऊस. बटाटे.’ ‘ऊन. बटाटे.’ एकदा तर नुसतंच ‘बटाटे.’ रविवारी मी सांगायची, नाही, हात लावत नाहीत. ते बादलीवर बसून खिंडाराकडे बघत राहायचे. माणूस आत आत जात होता आणि मी रिपोर्ट चांगला देत होते.

त्याच सुमारास माझे वडील आले, तीन महिन्यांच्या व्हिसावर. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पाटण तालुक्यातले, चाळीस वर्षं गवंडी. मी लहानपणी साइटवर डबा द्यायला गेले तरी ते मला विटेला हात लावू देत नसत. ‘‘तू वही धर,’’ म्हणायचे. ती वही धरून मी इथवर आले होते. ऑफिसात कोणी विचारलं तर ‘वडील कन्स्ट्रक्शनमध्ये आहेत’ असं सांगायची. हेही सांगून टाकते.

ऑकलंडच्या विमानतळावर त्यांना अडवलं. मी मेतकूट आणू नका म्हणून दहादा बजावलं होतं. मेतकूट नव्हतं, भिंत सरळ आहे का ते बघायचा, पायमोज्यात गुंडाळलेला पितळी ओळंबा होता. त्याला माती चिकटलेली, आणि माती इथे आत येऊ देत नाहीत. अधिकारी बाईने तो आत नेला आणि धुऊन लखलखीत करून परत दिला. अण्णा गाडीत बसले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. ‘‘चाळीस वर्षांचा चुना धुतला गं तिनं.’’

‘‘पण आणलात कशाला? तुम्ही इथे आराम करायला आलात. कशालाही हात लावायचा नाही, सांगून ठेवते.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर अण्णा टोपी घालून भिंतीपाशी, ओळंबा सोडून उभे. काका बादलीवर.

‘‘हा तर आपल्याकडचाच काळा दगड,’’ अण्णा म्हणाले. ‘‘पण भिंत कललीया. पडणार. सांग त्यांना.’’

मी जपून सांगितलं, की माझे वडील म्हणतात भिंत सुंदर आहे, जराशी आत झुकल्यासारखी वाटते.

‘‘कललीय म्हणून उभी आहे,’’ काका म्हणाले. ‘‘दोन्ही बाजूंनी आत कललीय. सिमेंटवाल्यांना सरळ लागतं. बिनसिमेंटची सरळ भिंत म्हणजे दारू प्यायलेला माणूस भिंतीला न टेकता उभा. सांग त्याला.’’

मी सांगितलं, की ते म्हणतात इथली पद्धत वेगळी आहे.

‘‘एवढंच म्हणाले? तोंड तर बराच वेळ हालत हुतं.’’

दोघांना मी तेच बजावलं: चहा प्या, उन्हात बसा, दगडाला हात नाही. काका म्हणाले, ‘‘स्वीट अ‍ॅज,’’ म्हणजे इथलं ‘चालेल’. अण्णा म्हणाले, ‘‘बरं बाय.’’ एवढ्या लवकर दोघांनी ऐकलं इथेच मला शंका यायला हवी होती. इंजिनियरला आली नाही.

पुढचे आठ-नऊ आठवडे मी संध्याकाळी घरी यायची तेव्हा दोघं व्हरांड्यात खुर्च्यांवर. खुर्च्यांवर! अंगावर पांघरूण, हातात चहा. अण्णांच्या बोटांवर ओरखडे दिसले. म्हणाले, मांजरानं ओरबाडलं. आमच्याकडे मांजर नव्हतं. मी म्हटलं, शेजारचं असेल. खिंडार लहान झाल्यासारखं वाटलं. काका म्हणाले, गवत वाढलंय. मी रविवारी फोनवर निःशंकपणे सांगायची, दोघं मजेत आहेत, बसून असतात.

फोडलं ते कॅलेंडरने. एका गुरुवारी सकाळी डबा भरताना सहज लक्ष गेलं. ‘ऊन. बटाटे.’ आणि खाली पेन्सिलने बारीक काड्यांच्या दोन रांगा. वरच्या रांगेपाशी गायीचं डोकं काढलेलं, म्हणजे काका. खालच्या रांगेपाशी एक टोपी. गांधी टोपी. मी मागची पानं उलटली. रोज दोन रांगा. टोपी पुढे होती.

दुपारी मी ऑफिसातून निघाले. गाडी घरी नेली नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी, म्हणजे दुकानापाशी, उभी केली आणि कुंपणाच्या कडेने चालत गेले. कारण कुत्रा. तो माझी गाडी लांबून ओळखायचा आणि भुंकायचा. कुत्र्याला माझ्यावर प्रेम आहे असं मला दोन वर्षं वाटत होतं. त्याची तर पहाऱ्यावर नेमणूक झाली होती.

खिंडारात दोघं होते. मोठा दगड फळीवरून चढत होता, एक बाजू अण्णांच्या हातात, दुसरी काकांच्या.

‘‘आरं बाबा, डावीकडं घे, डावीकडं!’’

‘‘नाह, नाह, आधी फिरव त्याला, म्हाताऱ्या!’’

‘‘फिरवतुय की! घाई कशाला करतंस?’’

एक मराठीत, एक इंग्रजीत, मध्ये कोणी दुभाष्या नाही. आणि दगड ठक्कन बसला. दोघांनी एकदम त्याच्यावर थाप मारली. मग मला पाहिलं.

अण्णांनी काकांकडे बोट केलं. ‘‘ह्यांनीच बोलावलं.’’

काकांनी अण्णांकडे बोट केलं. ‘‘तोच आला.’’

मला काय राग आला म्हणून सांगू! आधीचं सगळं मग कळलं. पहिल्याच आठवड्यात अण्णांनी हट्टाने ओळंब्यात सरळ भिंत चढवली होती. एका गोऱ्ह्याने तिला मान घासली आणि ती खाली. काका हसले नाहीत म्हणे, फक्त दुसऱ्या दिवशी दोन बादल्या मांडल्या. अण्णांनी ओळंबा खिशात घातला आणि कलती भिंत शिकायला बसले. सहासष्टाव्या वर्षी.

पण त्या वेळी मला एवढंच दिसत होतं: मनगट मोडलेला एक, गुडघे गेलेला एक, आणि मी आठवड्यामागून आठवडा पोरिरुआला थापा मारत होते, त्याही न कळता. मी संध्याकाळी त्यांच्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘शनिवारी येते.’’

दोन दिवस दोघांनी माझ्याशी अबोला धरला. दोघांनी खुर्च्या फिरवून पाठ माझ्याकडे केली. अण्णा जेवले, पण भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा म्हणाले नाहीत. काकांनी कॅलेंडरवर लिहिलं, ‘पाऊस. फितुरी.’ शुक्रवारी मात्र मी त्यांना कपाटासमोर उभं बघितलं. एक जुनी बॅग काढून ठेवली होती आणि तिच्यात काय घालावं हे त्यांना सुचत नव्हतं. एक हातोडी घातली. काढली. मी दारातूनच परत फिरले.

शनिवारी मुलगी आली. घरात न येता सरळ भिंतीपाशी गेली, हात दगडांवरून फिरवत चालू लागली. आम्ही तिघं मागे, निकाल ऐकायला आल्यासारखे.

‘‘हे डॅडचं,’’ ती म्हणाली. चार पावलं पुढे गेली. ‘‘हे डॅडचं नाही. थर सरळ आहेत. डॅडच्या हातून जन्मात सरळ थर आला नाही.’’ तिने बुटाने ढकलून बघितलं, मग खांदा लावला. भिंत हलली नाही. ती थांबली. ‘‘या मधल्यात मला कळत नाहीये. हे कोणाचं?’’

दोघं म्हातारे एकमेकांकडे बघून हसू दाबत होते.

‘‘मोठे दगड कोणी उचलले?’’ तिने मला विचारलं. मी अण्णांना विचारलं.

अण्णा म्हणाले, ‘‘मोठं दोघांनी मिळून. माणूस लई ताकदीचा हाय, मी नुसता टेका दिला, सांग तिला.’’

मी तिला सांगितलं, ‘‘ते म्हणतात, सगळे त्यांनीच उचलले. तुमचे डॅड बादलीवर बसून नुसते बोट दाखवत होते.’’

काका एकाएकी आभाळाकडे बघायला लागले. ढगात काहीतरी फार महत्त्वाचं असावं.

‘‘हे कधी परत जाणार?’’

‘‘तीन आठवड्यांनी.’’

‘‘आणि मग? मग मोठे दगड कोण उचलणार?’’

बापाने बॅग काढून ठेवली होती हे तिला माहीत नव्हतं. मला होतं.

‘‘मी आहे ना,’’ मी म्हटलं.

तिने माझा हात धरला, उलटा करून तळवा बघितला. ‘‘या हातांनी?’’

‘‘मी इंजिनियर आहे.’’

‘‘माहीत आहे. म्हणून विचारतेय.’’

‘‘माझे वडील चाळीस वर्षं गवंडी आहेत,’’ मी म्हटलं. इंग्रजीत हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलत होते, ते जरा मोठ्यानेच निघालं. अण्णांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी टोपी सारखी केली.

बाईने भिंतीकडे बघितलं. ‘‘ठीक. फोन दर रविवारीच. एकच प्रश्न विचारीन: डॅडने दगड उचलला का? खोटं बोललीस तर मला कळेल, मी तीस वर्षं शाळेत शिकवतेय. मघाचंही कळलं.’’ मग बापाकडे वळून, ‘‘तू फक्त बोट दाखवायचं. कळलं?’’

‘‘येह, नाह, येह,’’ काका म्हणाले. इथे याचा अर्थ ज्याने त्याने लावायचा असतो.

अण्णा गेले. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी फोन आला.

‘‘उचलला का?’’

‘‘नाही.’’

‘‘खरं?’’

‘‘अगदी खरं. बादलीवर बसलेत आणि मला शिव्या देतायत.’’

‘‘स्वीट अ‍ॅज,’’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

माझी कंबर मोडायची बाकी होती. दोन तासांत तीन दगड बसले होते, त्यातले दोन काकांनी काढायला लावले होते. चौथा पोटाशी धरून मी खिंडारात नेऊन ठेवला आणि तेवढ्यात पाटणहून व्हिडिओ कॉल आला. मी फोन लपवायच्या आत काकांनी तो उचलला आणि भिंतीवर टेकवून ठेवला. पडद्यावर अण्णा. समोर मी: जर्सीला चिखल, नखं तुटलेली, दोन्ही हात दगडावर. ज्या पोरीला या माणसाने कधी विटेला हात लावू दिला नव्हता ती. आता डिग्रीवरून ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी मान खाली घातली.

अण्णांनी तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं. नाकच दिसत होतं नुसतं.

‘‘वाईच बाजूला हो,’’ म्हणाले. ‘‘दगडाचं चांगलं तोंड भाईर ठेवायचं सोडून आत घातलंयस. काढ त्यो.’’

काकांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. ते बादलीवरून म्हणाले, ‘‘मघापासून मी काय सांगतोय? काढ.’’